गावात बसून जुना मराठी सिनेमा शोधायचा कसा

आमच्या वऱ्हाडात तालुक्याच्या टाकीज एकामागून एक बंद झाल्या. कुठं मंगल कार्यालय झालं, कुठं सरकीचं गोदाम. टाकीज गेल्या तसे तिथं लागणारे पिक्चरही डोळ्याआड झाले. आज गावात 'जुना मराठी पिक्चर' म्हटलं की 'पिंजरा' निघतो, दादा कोंडक्यांचे दोन-चार निघतात आणि तिथून गाडी थेट 'अशी ही बनवाबनवी'वर येते. या सगळ्यांच्या आधी आणि मधे जो सिनेमा होऊन गेला, तो पाहिलेली माणसं अजून ओसरीवर बसलेली आहेत, पण त्यांना कोणी विचारत नाही.

त्या सिनेमातला बराचसा आज मोबाइलवर मिळतो. तरी तो सापडत नाही, कारण आपण नाव टाकून शोधतो आणि ज्याचं नाव टाकायला हवं ते आपल्याला माहीतच नसतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की शोध गावाच्या आठवणीतून सुरू करा. एखादं गाणं, एखादा प्रसंग, एखादा चेहरा धरून मागं जा. यंत्राचं काम त्यानंतरचं.

आधी म्हाताऱ्या माणसांजवळ बसा

'तुम्ही कोणते जुने पिक्चर पाहिले?' असा प्रश्न टाकला तर 'आता काय आठवते बाप्पा' एवढंच उत्तर येतं. नाव कोणाच्याच लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते जाणं-येणं. म्हणून तिथून सुरुवात करावी. शेजारच्या एका आजीला मी विचारलं होतं, "आजी, पिक्चर पाहाले कोनासंग गेल्ता?"

"माह्या मोठ्या जाऊसंग. दमनीनं गेल्तो सारे."

"त्यात काय होतं?"

"कुंभार होता. अन् घरात लेकरंच लेकरं. खायाले पुरे नाही. अन् गानं होतं बाप्पा, विठ्ठलाचं. चाक फिरे त्यात."

एवढं पुरे होतं. 'विठ्ठला, तू वेडा कुंभार' हे ग. दि. माडगूळकरांचं गाणं. चाल आणि आवाज सुधीर फडक्यांचा, चित्रपट 'प्रपंच', साल १९६१, दिग्दर्शक मधुकर पाठक. आपल्याकडे असं भजनी मंडळ नसेल ज्यानं हे गाणं म्हटलेलं नाही. पण ते ज्या पिक्चरमधून आलं, तो पाहिलेला माणूस शोधूनही सापडत नाही. कुंभाराच्या घरातला लेकरांचा पसारा आणि कधीच न पुरणारी कमाई, हा त्याचा विषय. सुलोचनाबाई आणि शाहीर अमर शेख त्यात आहेत.

तेव्हा विचारायचं ते असं: कोणासोबत गेलात, कशानं गेलात, टाकीज होती की जत्रेतला तंबू, त्यात माणसं काय काम करत होती, रडू कुठं आलं, गाणं कोणतं होतं. पिक्चर रंगीत होता की काळा-पांढरा, हेही विचारा. मराठीत रंग उशिरा आला. साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत बहुतेक मराठी चित्रपट कृष्णधवलच होते, त्यामुळे या एका उत्तरानं काळ बराच आवळला जातो.

सालाच्या बाबतीत मात्र सांभाळा. 'माह्या लग्नाच्या वर्षी पाहिला' याचा अर्थ तो त्या वर्षी निघाला असा होत नाही. चित्रपट धंद्यात आपल्या भागाला आजही 'सी. पी. बेरार' म्हणतात, जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडावरून पडलेलं नाव आहे ते. भुसावळ-अमरावतीच्या वितरकांकडून रिळांच्या पेट्या आधी मोठ्या शहरांत जात, मग तालुक्याला आणि सगळ्यात शेवटी जत्रेतल्या तंबूत. तेच पिक्चर वर्षानुवर्षं फिरत राहत. म्हणून आजीनं सांगितलेलं साल ही अलीकडची हद्द समजा आणि तिथून मागं शोधत जा.

म्हाताऱ्यांइतकीच कामाची माणसं म्हणजे टाकीजचे जुने ऑपरेटर, डोअरकीपर आणि गावोगाव भोंगा लावून जाहिरात करणारे. कोणतं पिक्चर किती दिवस टिकलं आणि कोणत्या गाण्याला पैसे उडाले, हे त्यांना तोंडपाठ असतं. तालुक्याच्या एसटी स्टँडाजवळ चहा पीत त्यांची चौकशी केली तर एखादा तरी भेटतोच.

गाण्यावरून पिक्चर काढणं

गाणं हा सगळ्यात पक्का धागा. पहिली ओळ देवनागरीत टाइप करून शोधली की बहुतेक वेळा काम होतं. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर प्रत्येक गाण्याखाली कवी, संगीतकार, गायक आणि चित्रपट दिलेला असतो. मी आधी तिथंच जातो.

काही धागे आपल्या घरचेच आहेत. 'उषःकाल होता होता काळरात्र झाली' हे गाणं आंदोलनाच्या सभेत आजही लावतात. ते सुरेश भटांचं, म्हणजे आपल्या अमरावतीच्या माणसाचं. आहे कशात? जब्बार पटेलांच्या 'सिंहासन' (१९७९) मध्ये. भटांचीच 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' ही गझल 'उंबरठा' (१९८२) मध्ये आहे. ही दोन गाणी पाठ असलेली कितीतरी माणसं आपल्याकडे आहेत, पण त्यातल्या फार थोड्यांनी हे दोन्ही पिक्चर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेत.

'ऐरणीच्या देवा तुला' वाजलं की पाय थबकतो, ते 'साधी माणसं' (१९६५) मधलं. दिग्दर्शक भालजी पेंढारकर, आणि संगीत देणारं 'आनंदघन' हे नाव म्हणजे खुद्द लता मंगेशकर. 'मन सुद्ध तुझं' हे 'कुंकू' (१९३७) मधलं. 'लख लख चंदेरी' हे 'शेजारी' (१९४१) मधलं. 'आम्ही ठाकर ठाकर' हे 'जैत रे जैत' (१९७७) मधलं. गावाच्या ऑर्केस्ट्रात आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाजणारी गाणी एका वहीत उतरवा आणि प्रत्येकाचा पिक्चर काढा. एका संध्याकाळचं काम आहे, पण त्यातून वर्षभर पुरेल एवढी यादी तयार होते.

नाव कळल्यावर कसं शोधायचं

यूट्यूबवर नाव तीन तऱ्हांनी टाकून पाहा: देवनागरीत, रोमन लिपीत, आणि रोमन लिपीतच स्पेलिंग बदलून. अपलोड करणारे 'माणूस'चं, 'साधी माणसं'चं स्पेलिंग मनाला येईल तसं लिहितात. एका 'आ'साठी कोणी एक 'ए' लावतं, कोणी दोन. नावासोबत साल किंवा मुख्य नटाचं नाव जोडा. तेवढ्यानं त्याच नावाचे नवे पिक्चर आणि मालिका बाजूला पडतात. काहीच निघालं नाही तर दिग्दर्शकाचं नाव टाका.

यूट्यूब संपलं की शोध संपला असं समजू नका. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर अधूनमधून जुने मराठी चित्रपट लागतात आणि फ्री डिशवर ती वाहिनी आहेच. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' नावाचं ॲप सुरू केलं, तेही उघडून पाहावं. नव्वदच्या दशकात एनएफडीसीनं, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानं, काही फार चांगले मराठी चित्रपट काढले. त्यांच्या डीव्हीडी निघाल्या होत्या आणि जुन्या मालाच्या दुकानात त्या अजून हाती लागतात. अमरावती-अकोल्याकडे सीडीची दुकानं आता मोबाइल कव्हर विकतात, पण मागच्या कप्प्यात व्हीसीडींचा गठ्ठा असतो. दुकानदाराला विचारायला लाजू नका.

प्रभात कंपनीचे चित्रपट शोधणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. ही कंपनी तोच चित्रपट मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित करायची. 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला, 'माणूस' झाला 'आदमी', 'शेजारी' झाला 'पडोसी'. मराठी प्रत फार खराब असेल तर हिंदी प्रत पाहून घ्या. पण दोन्हींत नट कधी कधी वेगळे असतात. 'शेजारी'त केशवराव दाते आणि गजानन जागीरदार आहेत, 'पडोसी'त जागीरदारांसमोर मझहर खान. मझहर खान यांनी हिंदू ठाकूर केला आणि जागीरदारांनी मुसलमान मिर्झा. १९४१ सालच्या देशात हे मुद्दाम केलेलं होतं, आणि पाहताना ते कळतं.

प्रत पूर्ण आहे का, हे ओळखणं

इथं थोडा वेळ द्या. जुने चित्रपट नेटवर अनेकदा कापलेले असतात. कुठं गाणं उडवलेलं, कुठं सबंध रीळच गायब. पाहणाऱ्याला वाटतं की जुन्या लोकांना गोष्ट नीट सांगताच येत नव्हती. गोष्ट ठीक असते, तिचा मधला तुकडा गेलेला असतो.

ओळखायची खूण पहिल्याच मिनिटात आहे. पिक्चरच्या आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. ते पळवू नका, तिथं थांबवा. त्यावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये आणि रिळांची संख्या दिलेली असते. ३५ मिलिमीटरची बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगानं चालते, म्हणजे मिनिटाला जवळजवळ २७.४ मीटर. तेव्हा मीटरच्या आकड्याला २७.४ नं भागा, मूळ मिनिटं हातात येतात. समजा प्रमाणपत्रावर ३,८४० मीटर आहे, तर पिक्चर १४० मिनिटांचं असणार. साधारण ३०० मीटरचं एक रीळ म्हणजे ११ मिनिटं, हा अंदाजही ध्यानात ठेवा.

आता यूट्यूबवर तेच १३४ मिनिटांचं दिसलं तर ओरड करू नका. आपल्याकडची जुनी टीव्ही-व्हिडिओ पद्धत सेकंदाला २५ चौकटींची. तीवर उतरवलेला पिक्चर थोडा भरभर पळतो आणि शंभरातली चार मिनिटं आपोआप कमी होतात. १४० चे १३४-३५ होणं म्हणजे प्रत शाबूत आहे. ११५ झाले असतील तर मात्र दोन रिळांचा माल गेला. मग दुसरी प्रत शोधा.

प्रमाणपत्रच कापलेलं असेल तर तीन ठिकाणी बोट ठेवून पाहा: सुरुवातीची श्रेयनामावली, मधलं मध्यंतर आणि शेवटचं 'समाप्त'. नामावलीत गायकांची नावं असतात. एखादी गायिका नामावलीत आहे आणि तिचं गाणं पिक्चरभर ऐकू आलं नाही, तर ते कापलं गेलं.

चेहरे फुगलेले आणि चाकं अंड्यासारखी दिसत असतील तर दोष प्रतीचा कमी आणि टीव्हीचा जास्त. जुन्या पिक्चरची चौकट जवळजवळ चौकोनी, चारास तीन या मापाची. आजचा टीव्ही ती ओढून आडवी करतो. रिमोटवर चित्राचं माप बदलायची सोय असते, तिथं ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. काही अपलोड करणारे पट्ट्या टाळायला वरखालचं चित्रच छाटतात, तिथं माणसांची डोकी अर्धी दिसतात. अशी प्रत सोडून द्या.

कोणते पाहावेत

आता माझ्या पसंतीचं सांगतो. क्रम लोकप्रियतेचा नाही, आपल्या गावात काय लागू पडेल त्याचा आहे.

पहिला 'शेजारी'. व्ही. शांताराम यांचा. एका गावात पाटील आणि मिर्झा हे दोन म्हातारे जिवाभावाचे शेजारी, बुद्धिबळाचा पट त्यांच्यात रोजचा. गावात धरणाचा ठेकेदार येतो आणि या दोघांमधे पाचर मारतो. शेवट धरणावरच होतो. आपल्याकडे धरणाखाली गावं गेलेली माणसं आहेत, पुनर्वसनाच्या वस्तीत राहणारी आहेत. आठ दशकांपूर्वीच्या या पिक्चरमधला ठेकेदार त्यांना लगेच ओळखू येतो. दोन म्हाताऱ्यांमधला अबोला या पिक्चरनं ज्या बारकाईनं दाखवला आहे, तसा मी मराठी पडद्यावर दुसरीकडे पाहिलेला नाही.

'कुंकू' बायांनी एकत्र बसून पाहावा असा. कोवळ्या पोरीचं लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावतात आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांचं काम आहे. या पिक्चरला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा, पावलांचा आवाज, एवढ्यावर प्रसंग उभे आहेत. म्हणून हा आवाज मोठा करून आणि शांत जागी पाहायचा, पंख्याच्या घरघरीत त्याचं अर्धं बळ जातं. प्रभात कंपनीचाच 'माणूस' (१९३९) पोलीस शिपाई आणि वेश्या यांच्या ओढीचा. शांता हुबळीकरांचं 'कशाला उद्याची बात' त्यातलंच.

नंतर 'देवकीनंदन गोपाळा' (१९७७). हा आपल्याकडे घराघरात पाहिलेला असायला हवा होता. गाडगेबाबांचा जीवनपट, बाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, दिग्दर्शक राजदत्त. बाबा अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे, राजदत्त अमरावती जिल्ह्यातल्याच धामणगावचे. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला तेव्हा गावच्या पोरांनी मला विचारलं, हे कोण? त्या प्रश्नाला हा पिक्चर लावणं यापेक्षा चांगलं उत्तर नाही. वीस डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी असते. गावात त्या दिवशी झाडू फिरतोच, संध्याकाळी हा पिक्चर लावा.

'बनगरवाडी' (१९९५) अमोल पालेकरांचा, व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरचा. मुलूख माणदेशचा, पण मेंढरांच्या वस्तीवर नेमणूक झालेला पोरसवदा मास्तर आणि मग पडणारा दुष्काळ आपल्याला परका वाटत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी हा जरूर पाहावा. त्याच वर्षीचा 'दोघी' सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात जातो आणि थोरल्या बहिणीच्या कपाळी पांढऱ्या पायाची म्हणून शिक्का बसतो. घर जगवायला ती मुंबईला जाते, आणि तिच्या पैशावर जगणारं गाव तिलाच दूर लोटतं. धाकटीच्या नजरेतून हे सगळं येतं. पाहून झाल्यावर लगेच दिवा लावू नका, बायांना बोलायला थोडा अंधार बरा असतो.

सस्पेन्स आवडणाऱ्या घरांसाठी 'पाठलाग' (१९६४), दिग्दर्शक राजा परांजपे. 'मेरा साया' आपल्या भागात सगळ्यांनी पाहिला, पण तो याच 'पाठलाग'वरून निघाला हे सांगितलं की लोक सरसावून बसतात. पहिलाच प्रयोग असेल तर मी हा निवडीन, कारण गोष्ट पुढं काय होणार या ओढीवर चालते आणि चुळबूळ होत नाही. तसाच हलका हवा असेल तर 'मुंबईचा जावई' (१९७०). त्यावरून हिंदीत 'पिया का घर' झाला.

'सामना' १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. साखर कारखान्याचं राजकारण आहे, सूतगिरणी आणि जिनिंग पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. तरुणांना हा आधी दाखवा. 'एक होता विदूषक' (१९९२) लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चाहत्यांनी पाहिलाच पाहिजे. पटकथा पु. ल. देशपांड्यांची. हसवणाऱ्या माणसाच्या आत काय चालतं ते बेर्डे यांनी असं काही दाखवलं आहे की त्यांचे बाकीचे पिक्चरही मग वेगळे दिसू लागतात.

काही पिक्चर अंगणात लावण्यासारखे नाहीत, एकट्यानं लक्ष देऊन पाहायचे आहेत. सत्यदेव दुबे यांचा 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९७१) त्यातला. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा चापेकर बंधूंवरचा '२२ जून १८९७' (१९७९) दुसरा. आणि पालेकरांचा 'आक्रीत' (१९८१), तो परभणीकडच्या मानवत हत्याकांडावर आधारलेला आहे. लेकरांसमोर तो अजिबात लावू नका.

गावात दाखवायचा असेल तर

घरच्या माणसांनी मोबाइलवर किंवा घरच्या टीव्हीवर पाहणं वेगळं आणि समाजमंदिरात गावाला दाखवणं वेगळं. यूट्यूबवरचं चित्र घरच्या पाहण्यापुरतं आहे, जाहीर खेळ करायला त्यांच्या अटी परवानगी देत नाहीत. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट तो प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. हिशेब सोपा: प्रदर्शनाच्या सालात ६१ मिळवा, त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून चित्रपट मोकळा. 'पाठलाग' १९६४ चा, म्हणजे २०२५ पासून. 'सामना', 'बनगरवाडी' यांना अजून अवकाश आहे. त्यांच्यासाठी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना पत्र टाकावं, तिकीट लावणार नाही हे स्पष्ट लिहावं आणि डीव्हीडी किंवा त्यांनी दिलेली प्रत वापरावी. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या लेटरहेडवर पत्र गेलं तर उत्तर यायची शक्यता वाढते.

हंगाम पाहून दिवस ठरवा. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया संध्याकाळी थकून आलेल्या असतात, तेव्हा कोणी थांबत नाही. सगळ्यात बरे फेब्रुवारी-मार्च. तूर-हरभरा घरात आलेला असतो आणि रात्रीची थंडी ओसरलेली असते. उन्हाळ्यात साडेआठच्या आधी भिंत तापलेली आणि उजेडही पुरता गेलेला नसतो. लाइनीचा भरवसा नसतो म्हणून इन्व्हर्टर आधी भरून ठेवा आणि प्रोजेक्टर व ॲम्प्लिफायर दोन्ही त्यावर किती वेळ चालतात ते आदल्या दिवशी पाहून घ्या.

पडद्यासाठी चुन्यानं रंगवलेली भिंत चादरीपेक्षा चांगली, वाऱ्यानं हलत नाही. पण खरी काळजी आवाजाची घ्या. जुन्या पिक्चरचा आवाज एकेरी असतो, त्यात खरखर असते आणि संवाद भरभर बोललेले असतात. डीजेचे बेस मारणारे डबे इथं कामाचे नाहीत, त्यात बोलणं बुडतं. भजनी मंडळाचा साधा ॲम्प्लिफायर आणि एकच स्पीकर आणा, तो पडद्याच्या खाली मधोमध ठेवा, बेस उतरवा, ट्रेबल जरासा चढवा. मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्या माणसाला शब्द कळतो का, हे पाहून मग सुरू करा.

सुरू करण्याआधी दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलू नका. साल, दिग्दर्शक, आणि गावाला ठाऊक असलेलं त्यातलं गाणं, बस. ज्या आजीच्या आठवणीवरून पिक्चर सापडला तिला पुढं खुर्ची द्या आणि तिचं नाव घ्या. मध्यंतर मूळ जागीच घ्या. लेखकानं ते जिथं ठेवलंय तिथं गोष्टीला वळण असतं.

हाती काही जुनं लागलं तर

शोधता शोधता कोणाच्या पेटीतून गाण्यांचं पुस्तक निघतं. टाकीजच्या दारात पूर्वी ही पातळ पुस्तकं विकायला असत. त्यांत कथेचा सारांश, नटांची नावं आणि सगळी गाणी असतात. जे चित्रपट आता उरलेच नाहीत, त्यांच्याबद्दल कधी कधी एवढंच शिल्लक असतं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा (१९१३) सुद्धा आज काही भागच उरला आहे. मूकपटांच्या काळातलं जवळजवळ सगळं गेलं, आणि २००३ साली पुण्यात जुन्या, चटकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत आणखी बरंच गेलं. म्हणून असं पुस्तक किंवा पोस्टर सापडलं तर त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. घडी हळू उघडा, दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचा सरळ वरून फोटो घ्या आणि मूळ कागद कोरड्या जागी, पांढऱ्या कागदात ठेवा.

बंद टाकीजच्या केबिनमधे क्वचित रिळांचे डबे राहिलेले असतात. डबा उघडताच शिरक्यासारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे. ती आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली आणखी भराभर जाते. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची फिल्म असेल तर ती नायट्रेटची असू शकते, आणि नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यानंही विझत नाही. असा डबा घरात, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका, प्रोजेक्टरवर चढवू नका, एसटीच्या पार्सलमध्येही टाकू नका. डब्यावरचं नाव, रीळ क्रमांक आणि फिल्मच्या कडेला छापलेली अक्षरं यांचा फोटो काढा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. १९६४ मध्ये सुरू झालेली ही संस्था आता एनएफडीसीचा भाग आहे आणि पोस्टर, फोटो, गाण्यांची पुस्तकंही जपून ठेवते. पत्रात डबे किती आहेत, कुठं ठेवलेत आणि टाकीजचा मालक द्यायला तयार आहे का, या तीन गोष्टी लिहा. न्यायचे कसे ते संग्रहालयाची माणसं सांगतील. तोवर डबे सावलीत, आडवे आणि एकमेकांवर फार न चढवता ठेवा.